नवा टीव्ही घेण्याआधी: आधी खोली मोजावी, मग दुकान गाठावे

दसरा, दिवाळी किंवा पाडवा जवळ आला की कोल्हापुरात राजारामपुरी, शाहूपुरीतल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांत टीव्ही पाहणाऱ्यांची गर्दी वाढते. यांतले बहुतेक जण दुकानात गेल्यावरच विचार सुरू करतात आणि भिंतीवर ओळीने लावलेल्या पडद्यांपैकी जो डोळ्यांत भरेल तो पसंत करतात. माझ्या मते ही निवड दुसऱ्या टोकापासून व्हायला हवी. टीव्ही घरात कोणत्या भिंतीवर बसणार, माणसे किती अंतरावरून आणि कोणत्या बाजूने पाहणार, आणि त्यावर दिवसभर प्रत्यक्षात काय चालणार, या तीन प्रश्नांची उत्तरे घरीच ठरवली, तर दुकानातले निम्म्याहून अधिक पर्याय आपोआप गळून पडतात आणि पैसे ज्या गोष्टीसाठी मोजायला हवेत त्याच गोष्टीसाठी मोजले जातात.

पडद्याचा आकार

टीव्हीचे इंच म्हणजे पडद्याच्या एका कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंतचे तिरके माप. ४३ इंची पडदा साधारण ९५ सेंटीमीटर रुंद आणि ५४ सेंटीमीटर उंच असतो, ५५ इंची पडदा १२२ बाय ६८ सेंटीमीटर, तर ६५ इंची पडदा १४४ बाय ८१ सेंटीमीटर. चौकटीमुळे यात थोडी भर पडते. नुसते आकडे वाचून अंदाज येत नाही, म्हणून जुनी वर्तमानपत्रे चिकटपट्टीने जोडून त्या मापाचा चौकोन करावा, तो ठरलेल्या भिंतीवर लावून दोन-तीन दिवस तसाच ठेवावा आणि रोजच्या जागी बसून त्याच्याकडे पाहावे. कपाटाचे दार त्याला अडते का, बोर्डावरची बटणे त्याच्यामागे झाकली जातात का, पडदा खोलीला भारी होतो का, हे सगळे त्या कागदावरून कळते.

अंतराचा हिशेब सोपा आहे. बसण्याच्या जागेपासून भिंतीपर्यंतचे अंतर इंचांत मोजावे. त्याला १.६ ने भागल्यावर येणारा आकडा हा चांगल्या दर्जाच्या चित्रासाठी मोठ्यात मोठा सोयीचा आकार समजावा, आणि २ ने भागल्यावर येणारा आकडा बेताचा आकार समजावा. आठ फुटांवरून, म्हणजे ९६ इंचांवरून पाहायचे असेल तर उत्तर ६० आणि ४८ यांच्या दरम्यान येते, म्हणून तिथे ५० किंवा ५५ इंची टीव्ही योग्य ठरतो. सहा फुटांवर ४३ इंच पुरेसे होतात, आणि दहा फुटांचे अंतर असेल तर ६५ इंचांचा विचार करायला हरकत नाही.

शिवाजी पेठ किंवा मंगळवार पेठेतल्या जुन्या घरांत सोपा, म्हणजे दर्शनी बसण्याची जागा, बहुधा लांबट आणि अरुंद असतो. अशा ठिकाणी टीव्ही लांब भिंतीवर लावला तर समोरच्या भिंतीला टेकून बसले तरी अंतर सात-आठ फुटांच्या वर जात नाही, आणि आखूड भिंतीवर लावला तर पुढच्यांना फार जवळ आणि मागच्यांना फार लांब अशी स्थिती होते. ताराबाई पार्क किंवा नागाळा पार्कातल्या फ्लॅटच्या हॉलमध्ये सोफ्याची जागा ठरलेली असल्याने हा प्रश्न कमी येतो. दोन्ही ठिकाणी मोजायचे ते अंतर घरातल्या सर्वांत जास्त टीव्ही पाहणाऱ्या माणसाच्या जागेपासूनचे असावे, आणि बहुतेक घरांत ती व्यक्ती म्हणजे आजी किंवा आजोबा असतात, हेही ध्यानात ठेवावे.

टीव्हीवर नेमके काय चालणार

या प्रश्नाकडे सर्वांत जास्त दुर्लक्ष होते आणि घरी आल्यावरची निराशा बहुधा याच्यातूनच येते. आज ४३ इंच आणि त्याहून मोठे बहुतेक टीव्ही फोर-के असतात, म्हणजे पडद्यावर आडवे ३८४० आणि उभे २१६० ठिपके, एकूण सुमारे ८३ लाख. केबलवर किंवा डिशवर साध्या, म्हणजे एसडी दर्जाच्या वाहिनीचे चित्र फार तर ७२० बाय ५७६ ठिपक्यांचे, एकूण सुमारे चार लाख पंधरा हजारांचे असते. याचा अर्थ असा की आलेल्या प्रत्येक ठिपक्यावरून टीव्हीला वीस ठिपके स्वतःच्या अंदाजाने तयार करावे लागतात. हे काम टीव्हीतला प्रोसेसर करतो. तो चांगला असेल तर मालिकेतला चेहरा नीट दिसतो, आणि तो हलका असेल तर तोच चेहरा मोठ्या पडद्यावर मेणाचा असल्यासारखा गुळगुळीत दिसतो.

म्हणून ज्या घरात संध्याकाळच्या मराठी मालिका आणि बातम्या एसडी वाहिन्यांवरच पाहिल्या जातात, तिथे आठ फुटांच्या अंतरावरसुद्धा मी ४३ इंचांपुढे जाण्याचा सल्ला देणार नाही. त्याऐवजी त्याच पैशांत चांगल्या प्रोसेसरचा टीव्ही घ्यावा, केबलवाल्याकडून किंवा डिश कंपनीकडून एचडी बॉक्स बसवून घ्यावा आणि रोजच्या चार-पाच वाहिन्या एचडी करून घ्याव्यात. एचडीचे चित्र सुमारे २१ लाख ठिपक्यांचे असते, त्यामुळे टीव्हीला चौपटच भर घालावी लागते आणि फरक लगेच दिसतो. याउलट घरात फायबर इंटरनेट असेल आणि बहुतेक पाहणे ओटीटीवर होत असेल, तर मोठ्या आकाराचा पूर्ण उपयोग होतो. आठ-के टीव्हीसाठी पाहण्याजोगे साहित्य आपल्याकडे जवळजवळ उपलब्ध नाही, त्यामुळे त्याचा विचार सोडून द्यावा.

उजेड, बाजू आणि पडद्याचे प्रकार

एलईडी म्हणून विकला जाणारा टीव्ही मुळात एलसीडी पडद्याचा असतो आणि त्याच्या मागे एलईडी दिव्यांचा उजेड असतो. क्यूएलईडी हाही त्यातलाच प्रकार आहे. त्यात क्वांटम डॉटचा, म्हणजे अतिसूक्ष्म कणांचा, एक थर जास्त असतो आणि त्यामुळे रंग अधिक शुद्ध दिसतात. मिनी एलईडीमध्ये मागचे दिवे अगदी लहान आणि पुष्कळ असतात आणि त्यांचे गट वेगवेगळे मंद किंवा प्रखर करता येतात, त्यामुळे काळ्या भागाशेजारचा उजळ भाग ठसठशीत उठतो. ओएलईडी मात्र पूर्ण वेगळा आहे. त्यात प्रत्येक ठिपका स्वतः उजेड देतो आणि काळा दाखवायचा असेल तेव्हा पूर्ण विझतो. क्यूएलईडी आणि ओएलईडी ही नावे ऐकायला सारखी असल्याने दुकानात घोटाळा होतो, म्हणून बिलावर आणि खोक्यावर काय लिहिले आहे ते अक्षर न अक्षर वाचावे.

सोप्याचे दार गल्लीत उघडत असेल आणि दिवसा ते उघडेच राहत असेल, तर समोरून येणारा उजेड पडद्यावर पडतो. अशा खोलीत प्रखर उजेड देणारा क्यूएलईडी किंवा मिनी एलईडी चांगला चालतो, आणि पडदा आरशासारखा चकचकीत आहे की प्रतिबिंब कमी दाखवणारा आहे, हेही पाहावे लागते. ओएलईडी रात्री, दिवे मंद करून सिनेमा पाहणाऱ्यांसाठी उत्तम आहे. पण ज्या घरात वृत्तवाहिनी सकाळपासून रात्रीपर्यंत चालू असते, तिथे वाहिनीचे चिन्ह आणि खालच्या पट्टीची चौकट एकाच जागी स्थिर राहते, आणि काही वर्षांनी तिचा पुसट ठसा ओएलईडी पडद्यावर कायमचा उमटण्याचा धोका असतो. अशा घरासाठी मी ओएलईडी सुचवणार नाही, पैसे असले तरी.

बाजूने पाहण्याचा मुद्दाही घरावरूनच ठरतो. एलसीडी पडद्यांत व्हीए आणि आयपीएस असे दोन मुख्य प्रकार आहेत. व्हीए पडद्यावर काळा रंग खोल दिसतो, पण बाजूला सरकले की रंग फिके पडू लागतात. आयपीएस पडदा बाजूनेही जवळजवळ तसाच दिसतो, मात्र अंधाऱ्या खोलीत त्याचा काळा रंग करडा वाटतो. स्वयंपाकघराच्या दारातून काम करता करता टीव्ही पाहिला जात असेल, किंवा जेवणाच्या वेळी सगळे पंगतीने बसून पाहत असतील, तर आयपीएस बरा. सगळे समोरच बसत असतील तर व्हीए बरा. पडद्याचा प्रकार खोक्यावर बहुधा लिहिलेला नसतो, आणि कंपनीच्या एकाच मॉडेलच्या वेगवेगळ्या आकारांत तो वेगळाही असू शकतो, त्यामुळे दुकानात टीव्हीच्या बाजूला जाऊन उभे राहणे हाच खात्रीचा मार्ग आहे.

दुकानात कसे पाहावे

दुकानातले टीव्ही बहुधा प्रदर्शनाच्या मोडवर असतात. त्यात उजेड आणि रंग मुद्दाम भडक केलेले असतात आणि पडद्यावर कंपनीनेच दिलेली फोर-के दृश्ये फिरत असतात: मधमाशी, फळे, रात्रीचे शहर. या दृश्यांवर कोणताही टीव्ही सुंदरच दिसतो. म्हणून पहिली विनंती अशी करावी की टीव्ही होम मोडवर आणि चित्र स्टँडर्ड किंवा सिनेमा मोडवर आणावे. दुसरी विनंती अशी की बॉक्स जोडून साधी एसडी वाहिनी लावावी. ही मागणी ऐकून विक्रेता थोडा थबकतो, पण ती पूर्ण झाल्याशिवाय पुढची बोलणी करू नयेत.

मराठी वृत्तवाहिनी लावून घ्यावी आणि पडद्याच्या तळाशी सरकणाऱ्या बातमीपट्टीकडे चार-पाच मिनिटे नीट पाहावे. टीव्ही पारखायला देवनागरी अक्षरांसारखे साधन नाही, कारण त्यांत सलग आडवी रेघ, उभे काने, बारीक गाठी आणि सुटे ठिपके एकाच वेळी असतात. शिरोरेखा सरकताना थरथरत असेल किंवा कान्याच्या कडा कंगव्यासारख्या दातेरी दिसत असतील, तर टीव्हीला वाहिनीच्या एकाआड एक ओळी नीट जुळवता येत नाहीत असे समजावे. ‘क्ष’, ‘द्ध’, ‘ष्ट्र’ यांसारख्या जोडाक्षरांच्या पोकळ्या भरून जाऊन नुसता डाग दिसत असेल, तर प्रोसेसर कमी पडतो आहे. अक्षरांभोवती पांढरी किनार दिसत असेल तर शार्पनेस, म्हणजे कडा ठळक करणारी सेटिंग, फाजील वाढवलेला आहे. तो कमी करायला सांगून पुन्हा पाहावे. अनुस्वाराच्या ठिपक्याला शेपटी फुटत असेल तर पडद्याचा वेग अपुरा आहे. दोन टीव्ही शेजारी ठेवून हीच पट्टी पाहिली, तर माहितीपत्रकात न दिसणारा फरक काही मिनिटांत डोळ्यांसमोर येतो.

कोल्हापुरात फुटबॉलचा विषय निघाल्याशिवाय टीव्हीची खरेदी पूर्ण होत नाही. शाहू स्टेडियमवर पेठेच्या संघासाठी घसा कोरडा करणारी माणसे विश्वचषकाच्या वेळी रात्र रात्र जागतात, आणि त्यांच्यासाठी टीव्हीची खरी परीक्षा हिरव्या मैदानावरच होते. कॅमेरा एका गोलपासून दुसऱ्या गोलकडे झपाट्याने वळतो तेव्हा गवतावर उभे पट्टे किंवा मळकट डाग सरकल्यासारखे वाटले, तर मागचा उजेड सर्वत्र सारखा नाही. लांब मारलेल्या चेंडूमागे धूसर रेघ उमटत असेल तर १०० किंवा १२० हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला तितक्या वेळा चित्र ताजे करणारा पडदा घेणे योग्य. इथे एक सावधगिरी बाळगावी. ‘मोशन रेट’ अशा नावाखाली छापलेला मोठा आकडा पडद्याचा खरा रिफ्रेश रेट, म्हणजे हा हर्ट्झचा आकडा, नसतो. माहितीपत्रकात ‘रिफ्रेश रेट’ या शब्दापुढे काय लिहिले आहे तेच ग्राह्य धरावे. सामने फारसे पाहिले जात नसतील तर ६० हर्ट्झ पुरतात.

एचडीआर, म्हणजे उजळ आणि काळोख्या भागांतला फरक जास्त दाखवणारे चित्र, हा शब्द आता प्रत्येक खोक्यावर असतो. एचडीआरचे चित्र स्वीकारणे वेगळे आणि ते दाखवण्याइतका उजेड असणे वेगळे. २५० ते ३०० निट्स (निट हे पडद्याच्या उजेडाचे एकक) उजेडाच्या स्वस्त टीव्हीवर एचडीआरचा विशेष लाभ होत नाही. ६०० निट्सच्या पुढे तो जाणवू लागतो. एचडीआरचाच डॉल्बी व्हिजन हा प्रकार हवा असेल तर सॅमसंगच्या टीव्हीत तो नसतो, तिथे एचडीआर१०+ हा प्रकार असतो. पण या एका कारणावरून टीव्ही बाद करण्याइतका तो फरक मोठा नाही.

आवाजाकडेही कान द्यावा. पातळ टीव्हीचे स्पीकर खाली किंवा मागे तोंड करून असतात, त्यामुळे संगीत मोठे आणि संवाद पुटपुटल्यासारखे ऐकू येतात. बातमी वाचणाऱ्याचा आवाज मध्यम पातळीवर ठेवून शब्द न शब्द कळतो का ते पाहावे. कळत नसेल तर साउंडबारचे पैसे आताच हिशेबात धरावेत, आणि तो जोडण्यासाठी एआरसी किंवा ई-एआरसी लिहिलेले, म्हणजे टीव्हीचा आवाज बाहेर पाठवणारे एचडीएमआय पोर्ट आहे याची खात्री करावी. एकूण तीन एचडीएमआय पोर्ट असावेत. जुना केबल बॉक्स लाल-पांढऱ्या-पिवळ्या वायरींचा असेल, तर त्यासाठीची लहान जोडवायर खोक्यात मिळते का हे विचारावे, कारण बऱ्याच नव्या टीव्हींना त्या तीन वायरी थेट लागत नाहीत. घरात कमी ऐकू येणारे कोणी असेल तर ब्लूटूथ हेडफोन जोडून टीव्हीचा आवाजही त्याच वेळी चालू राहतो का, हे करून पाहण्यासारखे आहे.

गूगल टीव्ही, सॅमसंगचे टायझेन, एलजीचे वेबओएस, फायर टीव्ही यांपैकी काहीही चालेल. घरात लागणारी ॲप्स त्यावर आहेत आणि रिमोटचे बटण दाबल्यावर ती रेंगाळत नाहीत, एवढे पाहिले की पुरे. २ जीबीपेक्षा कमी रॅम मात्र घेऊ नये. काही वर्षांनी ही प्रणाली जुनी झाली तर एचडीएमआय पोर्टात स्वतंत्र स्टिक लावता येते, पडदा मात्र इतक्या सहज बदलता येत नाही. म्हणून पैसे पडद्यासाठी द्यावेत.

किंमत, बिल आणि सर्व्हिस

२२ सप्टेंबर २०२५ पासून ३२ इंचांपेक्षा मोठ्या टीव्हीवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला, त्यामुळे आता लहान-मोठ्या सर्व टीव्हींना एकच दर लागतो. त्याआधीच्या जुन्या छापील किमतीवर ‘मोठी सूट’ दाखवली जात असेल तर तुलना आजच्या किमतीशी करावी. दोन दुकानांचे भाव विचारताना भिंतीचा स्टँड, बसवण्याची मजुरी, जुन्या टीव्हीचे एक्सचेंज आणि कार्डावरची सवलत हे सगळे धरून हातात पडणारी एकच रक्कम लिहून घ्यावी. बिनव्याजी हप्त्यांतही प्रोसेसिंग फी आणि व्याजावरचा जीएसटी भरावा लागू शकतो. तो विचारल्याशिवाय सांगितला जात नाही.

मॉडेल क्रमांक पूर्ण लिहून घ्यावा. शेवटची दोन-तीन अक्षरे बदलली की टीव्हीचे वर्ष किंवा पडदाही बदललेला असू शकतो. बिल, खोके आणि टीव्हीच्या मागची चिठ्ठी यांवर तोच क्रमांक आहे का आणि उत्पादनाचा महिना किती जुना आहे, हे पैसे देण्याआधी पाहावे. ऊर्जा दक्षता ब्यूरोच्या तारांकित लेबलवर वर्षाला लागणाऱ्या युनिटांचा आकडा असतो. दोन सारख्या टीव्हींत निवड अडली तर तो पाहून ठरवावे.

वॉरंटीत पडद्याचा समावेश किती वर्षे आहे, हे लेखी घ्यावे, कारण पडदा बदलण्याचा खर्च टीव्हीच्या किमतीचा फार मोठा हिस्सा असतो. कंपनीचा माणूस कोल्हापुरातून येतो की पुण्याहून, हे विचारण्यात संकोच नसावा. गगनबावडा, आजरा किंवा चंदगड तालुक्यात राहणाऱ्यांनी आपला पिनकोड सांगून घरपोच सर्व्हिस मिळते का, हे कंपनीच्या ग्राहक क्रमांकावरच विचारून घ्यावे, दुकानदाराच्या शब्दावर राहू नये.

घरी बसवताना

टीव्ही आणताना खोके उभेच ठेवावे. आडवे ठेवले तर पडद्याला तडा जाण्याची भीती असते. उंची ठरवताना पडद्याचा मध्य बसलेल्या माणसाच्या डोळ्यांच्या रेषेत यावा. सतरंजीवर बसून पाहणाऱ्यांसाठी ही उंची जमिनीपासून साधारण ७५ ते ८० सेंटीमीटर, आणि सोफ्यावर बसणाऱ्यांसाठी साधारण १ मीटर असते. दाराच्या चौकटीच्या वर, छताजवळ टीव्ही टांगण्याची पद्धत मानेला त्रासाची आहे, आणि व्हीए पडदा असेल तर खालून चित्रही फिके दिसते.

जुन्या घरांच्या जाड मातीच्या भिंतीत साधा प्लग आणि स्क्रू धरत नाही. तिथे आधी लाकडी फळी लांब बोल्टने पक्की करून तिच्यावर स्टँड बसवावा, किंवा सरळ टेबल वापरावे. पावसाळ्यात ज्या भिंतीला ओल येते ती भिंत टाळावी. पंचगंगेच्या पुराचे पाणी २०१९ आणि २०२१ मध्ये ज्या भागांत शिरले, तिथे राहणाऱ्यांनी सहज उचलून काढता येईल असा स्टँड घ्यावा आणि मूळ खोके माळ्यावर जपून ठेवावे, म्हणजे वेळ आली तर टीव्ही सुरक्षितपणे वरच्या मजल्यावर नेता येतो. पाणी लागलेला टीव्ही वाळला असे वाटले तरी तंत्रज्ञाने तपासल्याशिवाय चालू करू नये.

आजचे टीव्ही कमी-जास्त दाब बऱ्याच प्रमाणात सहन करतात, त्यामुळे बहुतेक घरांत स्टॅबिलायझरची गरज नसते, पण वायरमनकडून अर्थिंग तपासून घेणे आणि विजेच्या अचानक झटक्यापासून वाचवणारा चांगला सर्ज प्रोटेक्टर लावणे आवश्यक आहे. एप्रिल-मे महिन्यांत वळीव येतो तेव्हा विजेचा धक्का वीजवायरीतून जसा येतो तसाच डिशच्या आणि इंटरनेटच्या वायरीतूनही येतो. आकाश गडगडू लागले की प्लग आणि या दोन्ही वायरी काढून ठेवाव्यात. नुसते बटण बंद करून भागत नाही.

बसवणारा माणूस घरी असतानाच पडदा पूर्ण पांढरा, करडा आणि काळा करून पाहावा. न उजळणारे ठिपके, कोपऱ्यातून फुटणारा उजेड आणि डाग तेव्हाच दिसतात. खोके उघडण्यापासून या तपासणीपर्यंतचे चित्रीकरण मोबाइलवर ठेवावे. बदलून देण्याची मुदत बहुधा थोड्याच दिवसांची असते, म्हणून पहिल्या आठवड्यात सगळी पोर्ट, वाय-फाय आणि ॲप्स वापरून पाहावीत आणि दोष आढळल्यास लेखी तक्रार द्यावी. दाद मिळाली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार ग्राहकाला स्वतः राहत असलेल्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगाकडे जाता येते, म्हणजे टीव्ही दुसऱ्या शहरातून किंवा ऑनलाइन मागवलेला असला तरी तक्रार कोल्हापुरातच दाखल होते, आणि ५ लाख रुपयांपर्यंतच्या खरेदीसाठी आयोगाचे शुल्क लागत नाही.